तीनशे बारा पत्रं

पत्र टाइप करायचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं स्पेलिंग पक्कं आहे,
असं टोरंटोहून फोनवर डिक्सन म्हणाला.
न्यू ब्रन्सविकमध्ये त्याने कधी पाय ठेवलेला नाही.
'मिल बंद होतेय' असं लिहायचं नव्हतं.
लिहायचं होतं, या निर्णयाने तुम्ही अफेक्ट होणार आहात.

मी विचारलं, दुसरा शब्द चालेल का?
तो म्हणाला, सुचव ना, ओडील.

इन्फ्लुअन्स म्हणावं, तर ते चंद्राचं काम.
आमच्या खाडीचं पाणी तो दिवसातून दोनदा ओढून नेतो,
होड्या चिखलात बसतात,
आणि सहा तासांनी पुन्हा उठतात.
इथं कोण उठणार होतं?
इम्पॅक्ट म्हणजे हायवेवर रात्री आडवा आलेला मूस.
जेरार्द कॉर्मिएची गाडी अजून पडलीय गॅरेजमागे,
बॉनेट नाकासारखं दुमडलेलं.
टच?
टच म्हणे. त्यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं.

घरी आम्ही वेगळं बोलतो.
घरच्या बोलीत माणसाला गोष्टी लागतात, बाधतात,
भोवतात, जिव्हारी जातात.
बाबांना गंधकाची वाफ बाधली.
नऊ नंबरच्या टाकीचा आवाज कानात भरला तो भरलाच,
आणि मग त्याचीच सवय अशी लागली
की वर्षातून एकदा मिल दुरुस्तीला थांबायची
तेव्हा आठवडाभर त्यांना झोप लागायची नाही.
स्वयंपाकघरात बसून राहायचे, फ्रिजला कान लावून.

त्यांच्या फाइलीत एकच ओळ आहे,
'श्रवणशक्तीवर परिणाम झाला.'
झाला.
कुणी केला ते वाक्यात नाही.
मला ती ओळ पाठ आहे, मीच टाइप केली होती.

मसुदा परत आला तेव्हा डिक्सनने
अ खोडून इ केला होता.
अफेक्टेड नव्हे, इफेक्टेड.
पेनाने, ठामपणे, खाली दोन रेघा.

आठवीत मिसेस मर्डोक खडू आपटून सांगायच्या,
अफेक्ट म्हणजे कुणावर काहीतरी ओढवणं,
इफेक्ट, क्रियापद असेल तर, घडवून आणणं.
एका अक्षराची चूक करा
आणि ज्याच्यावर ओढवलं
तोच घडवून आणलेला ठरतो.

मी फोन उचलला.
ठेवला.
तीनशे बारा प्रती काढल्या,
आमच्याच मिलच्या कागदावर, ऐंशी ग्रॅम, गुळगुळीत.
दोनशे सातवं पत्र माझ्या भावाचं, रेजाँचं.
शेवटचं माझं.

तर असं घरोघर गेलं, सहीशिक्क्यानिशी,
'या निर्णयाने तुम्ही घडवून आणले जाणार आहात.'

कुणाच्या लक्षात आलं नाही.
रेजाँने तर पहिली ओळ वाचून पत्र
मासे गुंडाळायला घेतलं.
चांगला कागद आहे, म्हणाला, ओल धरत नाही.

चौथ्या दिवशी फाटकावरच्या पेटीत एक पत्र परत आलं.
मिसेस मर्डोकच्या मुलाचं.
चुकीच्या शब्दाभोवती लाल गोल,
ब्याऐंशी वर्षांच्या हाताने काढलेला, एका बाजूला पोक आलेला.
समासात 'दहापैकी चार'.
खाली, 'पुन्हा लिहा.
आणि या वेळी कर्ता घाला.'

मी ते कुणाला दाखवलं नाही.
ड्रॉवरमध्ये ठेवलं,
आणि शेवटच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करताना
पर्समध्ये टाकलं.

आता चिमणीतून काही निघत नाही.
पूर्वी दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना
कुजक्या अंड्यांचा वास लागायचा,
आई खिडकीतून मिलला शिव्या द्यायची.
काल मी चादरी काढल्या, नाक खुपसून पाहिलं.
कशाचाच वास नाही.
पुन्हा पाहिलं.